केट्टाचा बचाव

आमच्या मंडळात एखादा भाग नुसता आवडून चालत नाही, तो टिकावा लागतो. म्हणजे असं, की 'अखेरचं बंदर' ही अंतराळातली मालिका आम्ही आपापल्या घरी बघतो आणि शनिवारी दुपारी ॲबरिस्टविथ या आमच्या समुद्रकाठच्या गावातल्या चॅपलमागच्या खोलीत जमून तिच्यावर खटला चालवतो. हो, खटलाच. एकजण त्या भागाचा वकील होतो आणि बाकीचे सगळे खुसपटं काढतात. प्रत्येक खुसपटाला वकिलाने उत्तर द्यायचं, तेही गोष्टीच्या आतलं. 'दिग्दर्शकाला डुलकी लागली असेल' असलं बाहेरचं उत्तर चालत नाही. तीन खुसपटं बिनउत्तराची राहिली की तो भाग आमच्यापुरता घडलाच नाही. मंडळात पुन्हा त्याचं नावसुद्धा काढायचं नाही. दुसऱ्या हंगामातला लग्नाचा भाग असाच गेला. आन्टी मेगनचा तो जीव की प्राण होता. ती अजून त्याला 'तो दुसरा प्रसंग' म्हणते, आणि तेवढ्यापुरते सगळे छताकडे बघतात.

आणि वकिलाचं उत्तर पटलं, हात वर करून मंजूर झालं, तर ते मंडळाचं सत्य. मग खुद्द मालिकेनेच पुढे काही वेगळं दाखवलं तरच ते बदलतं, नाहीतर नाही. हे सगळे नियम एलिस्टन सरांचे. ते पूर्वी आमच्याच शाळेत भूगोल शिकवायचे. खटल्यात ते न्यायाधीश असतात आणि हातोडा नाही म्हणून चमचा कपावर वाजवतात.

माझी आई म्हणते, मोठी माणसं आहात की कोण आहात. मी म्हणते, मी मोठी नाहीच, मी पंधराची आहे.

गेल्या वर्षापर्यंत मी त्या खोलीत फक्त कप फिरवायचे. बोलायचं मनात यायचं, पण तेवढ्यात कुणाचा तरी रिकामा कप भरायला जायचे. मग या उन्हाळ्यात काय झालं कोण जाणे, एका शनिवारी मी तोंड उघडलं आणि ते बंदच होईना. त्याच भरात मी वार्षिक संमेलनातलं नाटुकलं लिहायचं काम मागून घेतलं, आणि चक्क मिळालंसुद्धा. माझं नाटुकलं केट्टावर आहे. लिहून तयार आहे, केट्टाचं काम मीच करणार आहे, आणि बूट मी स्वतः चंदेरी रंगवलेत. अडचण एकच. केट्टा अख्ख्या मालिकेत फक्त एका भागात येते, आणि संमेलनात फक्त घडलेल्या गोष्टींवरच नाटक करता येतं. तो भाग गेला तर केट्टा गेली. केट्टा गेली तर माझं नाटक गेलं.

म्हणून त्या भागाची वकील मीच झाले. दुसऱ्या कुणावर सोडायची गोष्टच नव्हती ती.

भाग सोपा आहे. बंदराची कप्तान एका सोडून दिलेल्या मालवाहू यानात एकटी अडकते. हवा संपत आलेली असते. खालच्या कोठीत तिला एक मुलगी सापडते, माझ्याच वयाची, चोरून चढलेली, दोन वर्षं तिथेच लपून राहिलेली. ती केट्टा. ती बिघडलेली झडप दुरुस्त करते, कप्तानचा जीव वाचवते, आणि मदत येण्याआधीच एका छोट्या होडीयानात बसून आपल्या घराकडे निघून जाते. बस, तिथे भाग संपतो. पोचली का, दार कुणी उघडलं, काही सांगत नाहीत. माझं नाटक त्याच दारापाशी सुरू होतं. दार उघडतं, समोर आई असते, आणि आई तिला ओळखत नाही.

तर शनिवार. पहिलं खुसपट आन्टी मेगनचं. तिचं म्हणणं, दोन वर्षं कोठीत राहिलेल्या मुलीचे कपाळावरचे केस असे सरळ रेषेत कापलेले कसे. मी उभी राहिले आणि म्हटलं, कोठीत पोलादी पेट्या होत्या, त्यात तोंड दिसतं, आणि मालाचे पट्टे कापायची कात्री तर पडद्यावरच दिसते. शिवाय दोन वर्षं करायला दुसरं होतंच काय? सगळे हसले. आन्टी मेगन म्हणाली की तिची सून पार्लरमध्ये जाऊनसुद्धा इतके सरळ कापून येत नाही, पण असो, मंजूर. मग खाण्याचा प्रश्न आला, तोही मी डब्यांवरची चिठ्ठी दाखवून उडवला. माझ्या शेजारी बसलेल्या हेलेदने, ती माझ्याच वर्गात आहे, टेबलाखालून माझ्या गुडघ्यावर थाप मारली. मी अगदी फुगले होते.

मग इद्वाल उठला.

इद्वाल गावातला दातांचा डॉक्टर आहे. दिवसभर लोकांच्या तोंडात किडकं शोधतो आणि शनिवारी आमच्यात येऊन तेच करतो. आवाज मऊ. दुखणार नाही हं, असं म्हणून दुखवणारा. त्याने विचारलं, कप्तान सुरुवातीला म्हणते की हवा एका माणसाला जेमतेम सकाळपर्यंत पुरेल, मग दोघींना ती तेवढीच कशी पुरली? मी म्हटलं, झडप दुरुस्त झाली ना. तो म्हणाला, झडप शेवटी दुरुस्त होते, त्याआधी रात्रभर हवेचा आकडा ज्या वेगाने उतरतो तो एकाच माणसाचा आहे. मी म्हटलं, केट्टाला कमी श्वास घ्यायची सवय झाली असेल.

"सवय," इद्वाल म्हणाला. "माझ्याकडे येणाऱ्या पोरांना दात न घासायची असते तशी?"

सरांनी चमचा वाजवला. एक गेलं.

लगेच दुसरं. मदतीला येणाऱ्या यानाच्या पडद्यावर, त्या मालवाहू यानात जिवंत माणसाचा एकच ठिपका दिसतो. मी म्हटलं, तोवर केट्टा निघून गेली होती. इद्वालने शांतपणे त्याचा लॅपटॉप उघडला आणि तो प्रसंग मागे नेऊन दाखवला. ठिपका दिसतो तेव्हा दोघी अजून झडपेपाशीच बसलेल्या असतात. मी दोनदा बघितलं. हे मला आधी दिसलं कसं नाही म्हणून स्वतःचाच राग आला. चमचा वाजला. दोन गेली.

आणि तिसरं खुसपट काय असावं? शिडी. पहिल्या हंगामात याच जातीच्या यानात कोठीची शिडी उजवीकडे होती, इथे ती डावीकडे आहे. एवढंच. त्यावर खोलीत जी जुंपली ती विचारू नका. एकजण म्हणाला, यान उलटं लागलं असेल. दुसरा म्हणाला, अंतराळात उलटं काय नि सुलटं काय. आन्टी मेगनने बिस्किटांची कोठी रचली, हेलेदने तिच्यात चमच्याची शिडी ठेवली, सर म्हणाले माझा चमचा परत द्या. मी नुसती उभी. एक मुलगी दोन वर्षं अंधारात राहते, एका अनोळखी बाईसाठी हात भाजून घेते, आणि ही माणसं शिडी कुठल्या बाजूला हे बघतायत. मला ती बिस्किटं उचलून खिडकीबाहेर समुद्रपक्ष्यांना टाकावीशी वाटत होती. मी शिडीवर काय काय नाही सांगितलं. यानाची दुरुस्ती झाली असेल, ते जुळं यान असेल, कारखाना वेगळा असेल. प्रत्येक वेळी इद्वाल मान हलवायचा, आणि तीही माझी कीव आल्यासारखी.

सर चमचा उचलणार एवढ्यात माझ्या डोक्यात वीज चमकली. सगळंच जुळत होतं.

"थांबा," मी म्हटलं. "हवा एकीचीच गेली. ठिपका एकच दिसला. केस इतके सरळ कापलेले. केट्टाशी अख्ख्या भागात कप्तानशिवाय कुणीही बोलत नाही. का? कारण कप्तानच्या डोक्याला हवा कमी पडत होती. शिडी डावीकडे आहे कारण ती खरी शिडीच नाही. कप्तान लहानपणी ज्या यानात वाढली तिथली आहे, ती तिच्या मनातून आली. झडप तिने स्वतःच्या हातांनी दुरुस्त केली. तिथे दुसरं कुणी नव्हतंच."

मग आन्टी मेगनने टाळ्या वाजवायला सुरुवात केली. कुणीतरी म्हणालं, म्हणून हात तिचे भाजलेले असतात, कप्तानचे, शेवटच्या प्रसंगात बघा. इद्वालने परत लॅपटॉप मागेपुढे केला आणि हळूच बंद केला. सर उभे राहिले. ते खटल्यात कधीच उभे राहत नाहीत. म्हणाले, या खोलीत इतकं देखणं उत्तर त्यांनी आजवर ऐकलेलं नाही. मी हसत होते. गाल दुखेपर्यंत हसत होते.

हेलेद माझ्या कानाशी आली. "अगं, मग तुझ्या नाटकात घरी कोण जाणार?"

मला आधी कळलंच नाही. मग कळलं, आणि हसू तसंच चेहऱ्यावर अडकून राहिलं.

मी म्हटलं, सर, एक मिनिट, मी ते उत्तर मागे घेते. सर म्हणाले, मांडलेलं उत्तर मागे घेता येत नाही, नियम आहे. मी म्हटलं, मग मीच त्यातलं खुसपट काढते. ते म्हणाले, काढ. आणि मला एकही सापडेना. चक्क एकही नाही. मी केस धरले, हवा धरली, ते होडीयान धरलं, आणि प्रत्येक गोष्ट माझ्याच उत्तरात चपखल जाऊन बसत होती. स्वतःच्या पायावर इतका गुळगुळीत धोंडा कुणी पाडून घेतला नसेल.

मतदान झालं. माझा सोडून सगळे हात वर गेले. विरोधात कोण, असं सरांनी विचारलं तेव्हा एकच हात वर होता, वकिलाचा.

"मॅब्ली बाख," आन्टी मेगन म्हणाली, बाख म्हणजे आमच्याकडे बाळच, "भाग तर वाचला ना तुझा."

भाग वाचला होता. केट्टा तेवढी नव्हती. मी सरांना म्हटलं, माझं नाटक तयार आहे, बूटसुद्धा रंगवून झालेत. सरांना खरोखर वाईट वाटलं, ते दिसत होतं, पण ते म्हणाले की आज तुझ्यासाठी सोडलं तर उद्या मेगन लग्नाचा भाग परत मागेल. वाटल्यास कप्तानवर लिही, किंवा केट्टाला कप्तानचं स्वप्न म्हणून दाखव. मी म्हटलं, स्वप्नाला आई नसते. मग इद्वाल जवळ आला आणि मनापासून माझा हात हातात घेऊन म्हणाला, अभिनंदन. तो चिडवत असता तर बरं झालं असतं.

लोक खुर्च्या रचायला लागले. बारा ब्रीथचा, म्हणजे आमच्या मनुकांच्या केकचा, शेवटचा तुकडा कुणी घ्यायचा यावर आग्रह सुरू झाला. आणि मला असा संताप आला, की गेल्या वर्षीची मॅब्ली असती तर बाथरूममध्ये जाऊन रडली असती. मी पिशवीतून नाटकाचे कागद काढले, एका खुर्चीवर उभी राहिले आणि वाचायला लागले. कुणाला न विचारता.

"केट्टा दारासमोर उभी आहे. ती दोनदा हात वर करते आणि दोनदा खाली घेते."

सर म्हणाले, मॅब्ली, हे मंडळाच्या सत्यात बसत नाही. मी म्हटलं, हे संमेलन नाही, मी नुसती वाचतेय, खोली रिकामी होईपर्यंत वाचणार. आणि पुढे वाचलं. केट्टा पाऊल न वाजवता पायरी चढते, असं मी वाचलं आणि मागून मऊ आवाज आला.

"तिचे बूट लोखंडाला चिकटणारे आहेत," इद्वाल म्हणाला. "पायरी धातूची असली तर पाऊल वाजणारच."

"इद्वाल, ती मुलगी नव्हतीच," सर म्हणाले. "आत्ताच ठरलं."

"नसेना का. बूट वाजतील."

डोकं फिरलं माझं. त्याला म्हटलं, पायरी लाकडाची आहे. तो म्हणाला, त्या ग्रहावर झाडं नाहीत, चौथ्या भागात सांगितलंय. आन्टी मेगन म्हणाली, गप्प बस रे, वाचू दे तिला, पण आईने दार इतक्या लवकर का उघडलं, ती बाई काय दाराशीच बसली होती? हेलेद म्हणाली, दोन वर्षं बसलीच असेल दाराशी. कुणीतरी विचारलं, मग तिने ओळखायला नको का? यावर परत जुंपली. मला एक अख्खं वाक्य सलग वाचू देतील तर शपथ. खुर्च्या अर्ध्या रचलेल्या तशाच राहिल्या. माझा आवाज चढत गेला, कागदांना घाम लागला. आई केट्टाकडे बघते आणि विचारते, कोण हवंय तुम्हाला, इथपर्यंत मी कशीबशी पोचले आणि दार उघडून गावातला पुरुषांचा गायनवर्ग आत आला. सहा वाजल्यापासून खोली त्यांची. त्यांच्यातल्या एका जाड्या काकांनी मला हात देऊन खुर्चीवरून उतरवलं आणि विचारलं, कविता आहे का?

बाहेर समुद्रावरून वारा असा येत होता की कागद पोटाशी धरावे लागले. सर जाताना म्हणाले, पुढच्या शनिवारपर्यंत कप्तानवर काहीतरी विचार कर. हेलेदची आई तिला घेऊन गेली. मी बसथांब्यावर उभी राहिले, चिडलेली, भुकेली, सगळ्या जगावर आणि सगळ्यात जास्त माझ्या त्या देखण्या उत्तरावर.

इद्वालची गाडी थांब्यापाशी येऊन थांबली. त्याने काच खाली केली.

"मग ती काय सांगते आईला?" त्याने विचारलं. "कोण हवंय, असं आई विचारते. त्यानंतर काय?"

मी त्याच्याकडे नीट बघितलं. तो खरंच विचारत होता. मागे बसचे दिवे दिसायला लागले होते आणि त्याला गाडी हलवायलाच हवी होती, तरी तो हलत नव्हता.

"जी नव्हतीच, ती काय सांगणार," मी म्हटलं. "तूच हात वर केला होतास ना?"

बसने भोंगा वाजवला. इद्वाल म्हणाला, अगं सांग ना, निदान ओळखते की नाही तेवढं तरी. मी बसमध्ये चढले, मागच्या खिडकीशी बसले आणि कागद मांडीवर ठेवले. त्याची गाडी पुढच्या दोन थांब्यांपर्यंत बसच्या मागे मागे येत होती. मी काही सांगितलं नाही. फक्त पेन काढलं आणि 'पाऊल न वाजवता' वर काट मारली, कारण बूट वाजलेच असते.