कान्हेरीच्या माथ्यावर गेलेला थर्मास

मित्रांनो, जरा अशी कल्पना करा, की तुम्हाला हात नाहीत, पाय नाहीत, आहे तो फक्त एक खांदापट्टा. कुणी उचललं तरच तुमचा प्रवास, नाहीतर जिथल्या तिथे. जमलं? मग माझी गोष्ट तुम्हाला नीट कळेल.

मी एक जुना थर्मास आहे. अंधेरीच्या औद्योगिक वसाहतीतल्या एका लहानशा कारखान्यात माझा जन्म झाला. बाहेरून मी निळ्या पत्र्याचा, पण माझं खरं अंग आतलं. अंड्याच्या कवचासारखी पातळ, चकचकीत काच. मुलुंडच्या उत्तराआजींनी दुकानात मला कानाशी धरून हलवलं, काच शाबूत असल्याची खात्री केली आणि घरी नेलं.

त्या घरात मला फार मान मिळाला. आजी आणि मधुकरआजोबा दर हिवाळ्यात ज्येष्ठ नागरिक संघाच्या सहलीला जात, आणि मी आजोबांच्या खांद्यावर असे. आजोबांना एक खोड होती. शिट्टी वाजून सगळे बसमध्ये बसले, तरी हे गृहस्थ एखाद्या कोरीव दगडापाशी रमलेले.

"मधुकरराव, त्या दगडाशी सोयरीक जुळवताय का?" आजींची मैत्रीण प्रेमाताई खिडकीतून ओरडायच्या.

आजोबा हसत हसत येत आणि उशिराचा दंड म्हणून सगळ्यांना माझ्यातला चहा घोटघोट वाटत. "अजून वाफा येतायत बघा," असं कुणी म्हटलं, की मला धन्य वाटे.

गेल्या वर्षी सहल बोरिवलीच्या कान्हेरी लेण्यांना गेली होती. परत निघायच्या वेळी आजोबा वरच्या पायऱ्या चढू लागले.

"माथ्यावर जाऊन आलोच."

"अहो, पुरे आता," आजी खालून म्हणाल्या. "तुमच्यापायी सगळे ताटकळलेत. पुढच्या वेळी जा."

आजोबा अर्ध्या पायऱ्यांवरूनच उतरले. चैत्रात ते गेले. त्यांची पुढची वेळ आलीच नाही.

मग मला घट्ट बूच लावून कपाटावर ठेवून दिलं. आत थोडा ओलावा राहिला होता. मित्रांनो, एक सांगून ठेवतो. थर्मास वापरात नसेल, तेव्हा त्याचं तोंड उघडं ठेवावं. बंद राहिला, तर तो आतल्या आत कुबट वास धरतो आणि बाहेरून कुणाला पत्ताही लागत नाही. आजींचंही त्या दिवसांत तसंच झालं होतं. भाजीचं बोलत, वीजबिलाचं बोलत, पण त्या पायऱ्यांबद्दल एक अक्षर नाही. घरात कुणी विचारलंही नाही. जुन्या वस्तूंची आणि जुन्या माणसांची एवढी काळजी घ्या, की मधूनमधून बूच काढून बघत जा.

गेल्या वेळी बरीच लेणी बघायची राहिली होती, म्हणून यंदाही संघाने कान्हेरीच ठरवली. आजींनी मला खायच्या सोड्याने धुतलं, चहा भरला आणि नात गंधाली हिला सोबत घेतलं. संघाचे चिटणीस राजेश शिट्टी वाजवत आणि सगळे लगेच जमत. कुणाचाही खोळंबा होत नव्हता. आजी मात्र प्रत्येक शिट्टीला मागे वळून पाहत होत्या.

परतीची शिट्टी झाली. आजी बसच्या दारापर्यंत आल्या आणि थांबल्या.

"राजेश, माझी सहल इथे संपली. तुम्ही निघा. मी वर जाऊन येते."

"एकट्या? काकू, तुमच्या मुलाला, मिहिरला, काय सांगू मी?"

"सांग, म्हातारी ऐकत नाही. राष्ट्रीय उद्यानाच्या बसने फाटकापर्यंत येईन, पुढे रिक्षा आहेच."

"मी येते ना," प्रेमाताई म्हणाल्या.

"तू येशील गं, तुझे गुडघे येतील का? गंधालीला तेवढं घरी सोड. मला एकटीलाच जायचंय."

मला खांद्याला लावून आजी कातळातल्या पायऱ्या चढल्या. दर थोड्या पायऱ्यांनी त्या थांबत, छातीवर हात ठेवत, पुन्हा निघत. माथ्यावर भणाणता वारा होता. खाली दाट झाडी, तिच्यापलीकडे धुरकट इमारती आणि फार दूर पाण्याची एक रेघ. आजींनी उजवीकडे पाहिलं, डावीकडे पाहिलं, मागे वळूनही पाहिलं.

"अहो, काय बघायचं होतं तुम्हाला?" त्या हळूच म्हणाल्या. "मी विचारलंच नाही."

त्या दिवशी मी आजोबांच्याच खांद्यावर होतो. पण ते मलाही काही बोलले नव्हते. माझ्यातला चहा गरम होता. आजींनी बूचसुद्धा काढलं नाही.

त्या खाली आल्या, तेव्हा बस गेलेली होती. पायरीवर प्रेमाताई आणि गंधाली बसल्या होत्या.

"तुझी नात बसमध्ये चढेना," प्रेमाताई म्हणाल्या. "राजेश चिडला, मी चिडले, ही आपली ढिम्म. तुझ्यावरच गेलीय. कधीची माकडं हाकत बसलेय मी इथे."

"आजी, काय होतं वर?" गंधालीने विचारलं.

"कळलं नाही गं बाळा. आजोबांना विचारायचं राहून गेलं." आजींना रडू फुटलं आणि त्या तिथेच पायरीवर बसल्या. प्रेमाताईंनी मान वळवून झाडांकडे पाहिलं.

गंधाली उठून आजींपाशी आली. मग तिने माझा पट्टा आजींच्या खांद्यावरून काढून आपल्या खांद्यावर घेतला, त्यांना अगदी चिकटून बसली आणि विचारलं, "तुला कुठे जायचंय, आजी? तुला काय बघायचंय?"

आणि आजी बोलू लागेपर्यंत ती तिथून उठली नाही.