माझ्या खासगी सूचना

आमच्या कर्लिंग क्लबात एकच कॉम्प्युटर आहे आणि त्याचा तज्ज्ञ मी होतो, कारण दुसऱ्या कुणाला ते पद नको होतं. वार्षिक सभेत "कॉम्प्युटरचं कोण बघणार?" असं विचारल्यावर सगळ्यांनी आपापल्या कॉफीत डोकावून पाहिलं आणि माझा हात वर गेला. तो आपोआपच जातो. मी आयुष्यभर शाळेत उपमुख्याध्यापक होतो. कुठे चार माणसं गप्प बसलेली दिसली, की काहीतरी सूचना द्यायची राहून गेली आहे असं मला वाटायला लागतं.

क्लब म्हणजे कॅनडातल्या विनिपेग सरोवराच्या काठावरचा पत्र्याचा लांबलचक हॉल. काचेपलीकडे बर्फाच्या चार पट्ट्या, अलीकडे बाकं, स्वयंपाकघर आणि कोपऱ्यातल्या टेबलावर तो कॉम्प्युटर. हिवाळ्यात आमचं गाव इथेच राहतं, घरी फक्त झोपायला जातं. कॉम्प्युटरवर ज्याचं त्याचं खातं आहे. बर्फाची निगा राखणारी बर्नी रोज सकाळी तापमान नोंदवते, माझी बायको सिग्रून स्वयंपाकघराचं सामान मागवते, संघांचे कप्तान गुण भरतात.

मीही एका संघाचा कप्तान. कर्लिंग म्हणजे बर्फावरून जड दगड सरकवून ठरलेल्या जागी थांबवायचा खेळ. कप्तानाने पलीकडच्या टोकाला उभं राहून बर्फावर झाडू टेकवायचा. आपला खेळाडू त्या झाडूवर नेम धरून दगड सरकवतो. दगड निघाला की दोघं जण त्याच्यापुढे बर्फ झाडत धावतात, आणि किती झाडायचं ते कप्तान ओरडून सांगतो. ओरडणं हा खेळाचाच भाग आहे. मी तो भाग फार मनापासून करायचो, दगड निघायच्या आधीपासूनच. शेजारच्या पट्टीवरची माणसंसुद्धा माझ्या हुकमावर झाडायला लागायची.

गेल्या मोसमाच्या शेवटी आमच्या संघातली एक बाई दुसऱ्या गावाच्या क्लबात गेली. कारण विचारलं तर म्हणाली, "तिकडे शांत असतं." मला वाटलं, ती गावाबद्दल बोलतेय.

"हाल," सिग्रून मला म्हणाली (हाल्डोर या माझ्या नावाचं गावाने एवढंच ठेवलंय), "दगडावर ओरडतोस तिथवर ठीक. पण तू माझ्या सूपवरही ओरडतोस."

"मी सूपवर ओरडत नाही. मी सुचवतो."

"आणि ओरेस्टला एक वाक्य धड पुरं करू देत नाहीस."

हे मात्र खरं होतं. ओरेस्ट आमच्या संघातला तिसरा खेळाडू, सरोवरावर मासेमारी केलेला माणूस, माझा जुना मित्र. तो बोलायला लागला की मधे इतका थांबतो, की तोवर आपली कॉफी पिऊन होते. म्हणून त्याची वाक्यं मी पुरी करायचो. वर्षानुवर्षं केली. त्यातली निम्मी तरी बरोबर असतील.

तर मी सुधारायचं ठरवलं. गुपचूप. लोकांना सांगून सुधारलं की लोक रोज तपासायला येतात.

त्याच सुमारास ग्रंथालयात ज्येष्ठ नागरिकांसाठी कॉम्प्युटरचा वर्ग सुरू झाला होता. शिकवणाऱ्या मुलीने एक गंमत दाखवली. चार ओळींची स्क्रिप्ट लिहायची, ती एका ठरावीक फोल्डरमध्ये ठेवायची, की तुम्ही लॉगिन केल्याबरोबर ती आपोआप चालते. तिने हवामान आपोआप उघडून दाखवलं. हवामान खिडकीतूनही दिसतं, पण कॉम्प्युटर लिहिलेलं वाचूनही दाखवतो हे कळलं तेव्हा माझे डोळे चमकले. प्रत्येक सामन्याआधी मी वेळापत्रक बघायला लॉगिन करतोच. त्या वेळी त्याने मला चार शब्द सुनावले तर?

मी लिहिलं: "हाल्डोर, ओरडू नकोस. ओरेस्टचं वाक्य पुरं होऊ दे. सूपमध्ये तोंड घालू नकोस. पोट आत घे. आणि तुझं बरोबर असलं तरी सांगू नकोस."

अशी स्क्रिप्ट ठेवायचे फोल्डर दोन निघाले, एकाच नावाचे. एक निमूटपणे उघडला. दुसऱ्याने मुख्य पासवर्ड मागितला, जो अख्ख्या क्लबात फक्त मला ठाऊक होता. मी दुसरा निवडला. जो पासवर्ड मागतो तो फोल्डर अधिक चांगला असणार, असा माझा तर्क. तो सगळ्या खात्यांसाठी होता. ते तिथे स्पष्ट लिहिलेलंही होतं, पण सूचना वाचायची मला सवय नाही. मी त्या द्यायचो.

आता हेडफोनचं सांगायला हवं. मला डाव्या कानाने कमी ऐकू येतं, म्हणून कॉम्प्युटरवर बसताना मी घरचे हेडफोन लावतो. ते लावले की आवाज माझ्या कानात. काढले की तो छतावरच्या स्पीकरांतून बर्फापर्यंत हॉलभर जातो, सामने पुकारता यावेत म्हणून. ही जोडणीही मीच केली होती.

पहिल्या दिवशी मी लॉगिन केलं. एक बाई, मृत्युपत्र वाचावं तशा आवाजात, मला पोट आत घ्यायला म्हणाली. मी घेतलं. फार समाधान वाटलं.

थोड्याच दिवसांत गावाचा माझ्याशी वागायचा सूर बदलला. बर्नी म्हणाली, "काय हाल, आज पोट कुठे ठेवून आलास?" मी मनातल्या मनात नव्या स्वेटरचे आभार मानले. पोस्टातला माणूस म्हणाला, "तुझं बरोबर असेल, पण सांगू नकोस हं," आणि डोळा मारला. मला वाटलं, गावात चालू झालेली एखादी नवी म्हण असेल. बाकावर ओरेस्टने तोंड उघडलं की बाकीचे एकदम चिडीचूप व्हायचे आणि माझ्याकडे बघायचे. मी ओठ घट्ट मिटून बसायचो. ओरेस्ट सगळ्यांकडे बघायचा, कानाच्या पाळ्यांपर्यंत लाल व्हायचा आणि म्हणायचा, "काही नाही... नंतर."

"पाहिलंस?" मी सिग्रूनला म्हणालो. "माणूस शांत झाला की आजूबाजूचे आपोआप शांत होतात. याला नेतृत्व म्हणतात."

सिग्रूनने फ्रीजमध्ये डोकं घातलं आणि बराच वेळ ती तशीच उभी राहिली. तिचे खांदे हलत होते. थंडी बाहेर जातेय हे मी तिला सांगितलं नाही. इतका मी सुधारलो होतो.

एक गोष्ट मात्र बिनसली. ओरेस्टचे दगड भरकटायला लागले. पूर्वी झाडूच्या जवळपास तरी यायचे, आता शेजारच्या पट्टीच्या दिशेने निघायचे. मी ओरडलो नाही. पलीकडच्या टोकाला झाडू टेकवून, चेहऱ्यावर संताचं हसू आणून मूकपणे उभा राहिलो. आम्ही ओळीने सामने हरलो आणि मी स्वतःवर फार खूश होतो.

स्क्रिप्टमध्ये मी भर घालत गेलो. "परवाचा सामना तुझ्या चुकीने गेला, ओरेस्टच्या नाही. मान्य कर, निदान मनात." मग, "सिग्रूनला सांग की सूप चांगलं झालंय. ते खरंच चांगलं होतं." त्या दुपारी मी स्वयंपाकघराच्या खिडकीशी जाऊन तिला सांगितलं.

"हो का?" ती म्हणाली. "मला वाटलं, आज सांगतोस की उद्या." पण वाडग्यात तिने मला दुप्पट सूप घातलं.

फेब्रुवारीत आमच्या क्लबात आजूबाजूच्या गावांची स्पर्धा होती. हॉल गच्च भरलेला, पदार्थांच्या टेबलावर पेरोगी नावाच्या उकडलेल्या करंज्यांचे डोंगर, चारही पट्ट्यांवर सामने. आमचा डाव चालू होता. मी पलीकडच्या टोकाला झाडू टेकवून उभा होतो. तेवढ्यात बाहेरगावची एक कप्तानीण गुण भरायला कॉम्प्युटरपाशी गेली आणि तिने पाहुण्यांच्या खात्यातून लॉगिन केलं.

छतावरून ती मृत्युपत्रवाली बाई बोलायला लागली. "हाल्डोर, ओरडू नकोस."

प्रथम मला वाटलं, माझ्या डोक्यातच वाजतंय. इतके दिवस ऐकून पाठ झालं होतं. मग पाहुणे हसायला लागले. आमच्या गावची माणसं मात्र हसत नव्हती. मी काचेपलीकडे नीट पाहिलं. त्यांचे ओठ हलत होते. चर्चमध्ये हलतात तसे, सगळ्यांचे एकदम. "ओरेस्टचं वाक्य पुरं होऊ दे. सूपमध्ये तोंड घालू नकोस." बर्नी डोळे मिटून म्हणत होती. अख्ख्या गावाला मी तोंडपाठ होतो. मी हॉलमध्ये असताना गावातलं कुणीच लॉगिन करत नसे, हे माझ्या तेव्हा लक्षात आलं.

शेवटची ओळ मी त्याच सकाळी घातली होती, त्यामुळे ती कुणाला येत नव्हती. "आज हरलास तर गाडीत बसून रडू नकोस. गेल्या वर्षी काचांवर वाफ धरली होती." ही ओळ सगळ्यांनी शांतपणे ऐकली.

मी झाडू तिथेच टाकला, बर्फावरून चालत आत आलो आणि कॉम्प्युटरची वायर उपटली. कॉम्प्युटर तज्ज्ञाने कधीच करू नये असं मी स्वतःच भिंतीवर लिहून चिकटवलं होतं ते.

"हाल, थांब," बर्नी म्हणाली. "आम्हाला आधी वाटलं काहीतरी बिघडलंय. मग वाटलं, तू मुद्दाम केलंस. सगळ्यांसमोर कबुली! केवढं धाडस, असं म्हणत होतो आम्ही."

सुटकेची वाट दिसली. मी छाती पुढे काढली. "म्हणजे काय! अर्थात मुद्दामच."

"हेडफोन लावून?" सिग्रूनने स्वयंपाकघरातून विचारलं.

मी कोट घेतला आणि दरवाज्याकडच्या बोळात गेलो. तिथे सगळ्यांचे झाडू आणि बूट असतात आणि माणूस सहसा नसतो. कोटाची चेन लागत नव्हती. मागून कुणीतरी आलं. ओरेस्ट होता.

"हाल," तो म्हणाला. "मला..."

तो थांबला. मला तीन शेवट सुचले होते: मला वाईट वाटतंय, मला हसू येतंय, मला घरी सोड. मी एकही म्हटला नाही. चेनशी खेळत उभा राहिलो. बोळात बाक नव्हता, बघायला कुणी नव्हतं.

"मला... तुझा झाडू दिसत नाही."

"मी तो बर्फावर टाकून आलो."

"आज नाही. गेला हिवाळाभर दिसला नाही. यंदाही नाही. सगळं धुक्यात. मोतीबिंदू आहे दोन्ही डोळ्यांत. एप्रिलमध्ये नंबर लागलाय."

"मग तू दगड टाकायचास कसा?"

"तुझ्या आवाजावर." तो परत थांबला. मीही थांबलो. "तू ओरडायचास तोवर बरं होतं. आवाज जिथून येईल तिकडे टाकायचो. नोव्हेंबरपासून तू सुधारलास आणि माझं सगळं गेलं."

मी कुणाच्या तरी बुटांवर बसलो.

"अरे, सांगायचं होतंस!"

"सांगायला लागलो की सगळे गप्प होऊन बघत बसायचे. जत्रेत अस्वल बघतात तसे. आणि..." हा थांबा सगळ्यांत लांब होता. "वाटलं, तू संघातून काढशील."

या वाक्याचा शेवट मी कधीच केला नसता, कितीही घाई असती तरी. पण त्याला तो खरा वाटावा, असा मी माणूस होतो. वर्षानुवर्षं मोठ्याने असा होतो. पोट आत घेतल्याने त्यात काही फरक पडला नव्हता.

"चल," मी म्हणालो.

"कुठे?"

"बर्फावर. डाव अर्धा राहिलाय."

मी काचेसमोरून मान खाली घालून गेलो, टाकलेला झाडू उचलला, टेकवला आणि सगळी हवा छातीत भरली. "ओरेस्ट! इकडे! माझ्याकडे! इकडे!"

पाहुण्यांनी कान झाकले. बाकावरून बर्नी ओरडली, "हाल, सूचना विसरलास का?" मी तिच्याकडे लक्ष दिलं नाही. ओरेस्टने मान किंचित तिरपी केली, जसा तो मासे पकडताना होडीत वारा ऐकत असेल, आणि दगड सोडला. तो थेट माझ्या झाडूशी येऊन थांबला. नंतरचेही आले. सामना आम्ही एका गुणाने हरलो. शेवटचा दगड कप्तानाने टाकायचा असतो, तो मी टाकला आणि तो चुकला. हे मी सगळ्यांसमोर म्हणालो, मनात नाही. गाडीत बसल्यावर काय झालं ते सिग्रूनला माहीत आहे.

दुसऱ्या दिवशी समितीने मुख्य पासवर्ड माझ्याकडून काढून बर्नीकडे दिला. स्क्रिप्ट तिने पुसली, पण त्याआधी दोन सभासदांनी ती राहू द्यावी म्हणून अर्ज केला होता, त्यातली एक माझी बायको.

एप्रिलमध्ये ओरेस्टला विनिपेगला मीच घेऊन गेलो. दोन्ही डोळे झाले. परत येताना पट्ट्या काढलेल्या, काळा चष्मा लावलेला, तो रस्त्यावरची प्रत्येक पाटी मोठ्याने वाचत होता. गाव जवळ आल्यावर वाचायचं थांबला.

"हाल, पुढच्या हिवाळ्यात..."

रस्ता सरळ होता. मी दोन्ही हात चाकावर ठेवले आणि गाडी चालवत राहिलो. एक धान्याचं कोठार गेलं, मग दुसरं गेलं.

"...कप्तान मी होऊ का?"

लगेच हो म्हटलं असं लिहायला मला आवडलं असतं. आधी मी काच खाली केली, मग वर केली, मग रेडिओचं बटण उगाचच पुसलं, आणि मग हो म्हणालो.

कप्तान नसलेल्याने झाडायचं असतं. या वयात वाकून धावायचं म्हणजे कंबरेचं काही खरं नाही, म्हणून मी आतापासूनच गॅरेजमध्ये सराव करतोय. सिग्रून दारात कॉफी घेऊन उभी राहते आणि कोपऱ्यात अजून धूळ आहे म्हणून बोट दाखवते.