गावाची खोली

लालबागच्या चाळीतली ती खोली कणकवलीकडच्या एका गावाच्या मालकीची होती. गिरणीत राबलेल्या माणसांनी मिळून घेतलेली. गावातलं कुणी आजारी पडलं आणि उपचाराला मुंबईत आलं, तर त्याने इथंच उतरायचं. जयवंत आणि किर्ती लग्नानंतर खोलीची देखभाल करायच्या बोलीवर तिथे राहायला आले. खिडकीजवळचा पडद्याआडचा कोपरा त्यांचा, बाकी खोली गावाची. श्रेया त्याच कोपऱ्यात चार वर्षांची झाली.

किर्तीला दुसरं मूल हवं होतं. जयवंत म्हणायचा, आधी स्वतःची जागा होऊ दे. पण श्रावणात तिला दिवस गेले. मग तोही म्हणाला की काढू काहीतरी मार्ग.

त्याच महिन्यात गावाहून शामराव आले. वाळलेले, तोंडाला रुमाल. क्षय झाला होता, शिवडीच्या क्षयरुग्णालयात उपचार सुरू होते. दिवसभर ते गॅलरीत बसून राहत. आपलं खोकणं घरात नको, एवढी त्यांना जाण होती. रात्री मात्र आत येण्यावाचून इलाज नव्हता. किर्ती पडदा भिंतीपर्यंत ओढून घ्यायची. खोकला पडद्याला जुमानत नव्हता.

शामरावांची दुसरीकडे सोय करा, असं सांगायला तिने जयवंतला तात्यांकडे पाठवलं. तात्या गावच्या मंडळाचे अध्यक्ष. ते स्वतःच चाळीत आले, चहा घेतला आणि शांतपणे म्हणाले, "खोली आजाऱ्यांसाठी घेतलेली, पोरी. बाळंतपणांसाठी नाय." त्यांच्या आवाजात राग नव्हता, म्हणूनच किर्तीला जास्त भीती वाटली.

एका सकाळी मोरी तुंबली. जाळी उचलून किर्तीने हात घातला, तर विरघळत आलेल्या गोळ्यांचा लगदा हाताला लागला. ती तशीच ओल्या हाताने गॅलरीत गेली.

"काका, तुम्ही गोळ्या घेत नाही?"

शामरावांनी तोंडावरचा रुमाल सारखा केला. गोळ्या घेतल्या की उलट्या होतात, म्हणाले. मग हळूच, "गावाक सांगू नको गो. माका परत धाडतले."

तिने तात्यांना सांगितलं. दोन दिवसांत त्यांचा पुतण्या येऊन त्यांना घेऊन गेला. शेजारच्या बायका तिच्याशी तुटक वागू लागल्या. आजाऱ्याला हाकललं, असं गावापर्यंत पोचलं होतं.

आणि गणपतीनंतर श्रेयाने जेवण टाकलं. संध्याकाळी अंग कोमट, उशी घामाने ओली. छातीचा फोटो काढला, तपासण्या झाल्या, क्षयच निघाला. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, बरी होईल, पण कित्येक महिने औषध चुकवायचं नाही. घरात आणखी कोण कोण आहे, असं त्यांनी विचारलं, तेव्हा किर्तीने आधी शामरावांचं सांगितलं, मग पोटातल्या बाळाचं.

त्याच आठवड्यात तिने गर्भपात करून घेतला. जयवंत सोबत गेला. त्याने अडवलं नाही.

पुढच्या उन्हाळ्यात त्याला अँटॉप हिलला भाड्याची खोली मिळाली. लहान, पण दार लावलं की आपली. सामान लावून झाल्यावर तो म्हणाला, "आता विचार करायला हरकत नाही ना?"

किर्ती श्रेयाला झोपवत होती. पोरगी झोपेत एकदा खोकली. धुळीने असेल, जयवंत म्हणाला. किर्तीने तिच्या पाठीवर हात ठेवला आणि पुढचा श्वास येईपर्यंत आपला रोखून धरला.