दौऱ्यावरचे साहेब

"साहेब दौऱ्यावर आहेत," मी वहिनींच्या तोंडावर सांगितलं.

साहेब तेव्हा माझ्या पाठीमागच्या बंद दाराआड चहा पीत होते.

एकोणीस वर्षं मी या आमदारसाहेबांच्या कार्यालयात शिपाई आहे. काम फार नाही. दार उघडायचं, पाणी द्यायचं आणि लोकांना परत पाठवायचं. साहेबांच्या खोलीत गालिचा आहे, त्यामुळे ते बूट दाराबाहेर काढतात. बूट दिसले की साहेब आत आहेत हे शेंबडं पोरही ओळखेल. म्हणून ते आत शिरले की मी बूट उचलून फायलींच्या कपाटात ठेवतो आणि बाहेर येऊन खुशाल थाप मारतो. या कामात माझा हात धरणारा कोणी नाही. एकदा साहेब आत जोरात शिंकले, तर मी पटकन स्वतःचं नाक पुसलं.

पण त्या दिवशी पायऱ्यांवर आमच्याच गल्लीतल्या चाळीसेक बायका बसल्या होत्या. गल्लीतला सरकारी दवाखाना आठ महिने डॉक्टरविना बंद होता. गेल्याच महिन्यात माझ्या थोरल्या भावाला दम्याचा झटका आला. एखादा डॉक्टर आला असेल या आशेनं मी आणि वहिनींनी त्याला दवाखान्याच्या कुलपापर्यंत नेलं, तिथून मोठ्या इस्पितळाकडे निघालो. दादा वाटेतच गेला. निवडणुकीआधी साहेबांनी याच दवाखान्यात कायमचा डॉक्टर देण्याचा शब्द दिला होता. वहिनी त्याचाच जाब विचारायला आल्या होत्या. आणि मी? माझी नोकरी गेली असती तर आता दोन घरांच्या चुली विझल्या असत्या.

"हा त्यांचाच माणूस," मागून एकजण ओरडली. "याचं काय ऐकायचं?"

वहिनी गर्रकन वळल्या. "तोंड सांभाळून बोल! भावजी माझ्याशी खोटं नाही बोलायचे. त्या दिवशी तेही होते माझ्याबरोबर." मग पदर खोचत म्हणाल्या, "चला गं. उद्या येऊ."

बायका उठायला लागल्या. मला शिव्या घातल्या असत्या तर मी पचवल्या असत्या, त्याची सवय आहे. हा विश्वास मात्र घशाखाली उतरेना. माझी मलाच इतकी लाज वाटली की तिथे उभं राहवेना.

मी आत गेलो, कपाट उघडलं आणि बूट आणून सगळ्यांच्या देखत वरच्या पायरीवर ठेवले.

"साहेब आत आहेत," मी म्हणालो. "सकाळपासून."

असा गलका उठला की साहेब मोज्यांवरच बाहेर आले. त्यांनी आधी बूट बघितले, मग मला.

"हा काय तमाशा? दे ते बूट इकडे!"

मी जागचा हललो नाही.

"डॉक्टर कधी येणार?" वहिनींनी विचारलं.

"ताई, तुम्ही दोघी-तिघी आत या. बसून बोलू."

"आत नको. मतं मागायला आलात तेव्हा रस्त्यात उभं राहूनच बोललात ना? तसंच बोला."

"बघतो मी."

"बघतो म्हणजे कोणत्या तारखेला?"

बायका एकेक करून पुन्हा खाली बसल्या, चांगल्या ऐसपैस. साहेबांचा राग माझ्यावर निघाला.

"तू उद्यापासून येऊ नकोस!"

"येणार," मी म्हणालो. "डॉक्टर येईपर्यंत रोज येणार. फक्त बाहेर बसेन."

पायऱ्या उतरून मी वहिनींपाशी गेलो. "वहिनी, मघाशी मी..."

"बोलू नका."

एवढं म्हणून त्या थोड्या सरकल्या. माझ्यापुरती जागा झाली. मी बसलो. त्यांनी माझ्याकडे बघितलं नाही, आणि त्यांनी बघावं असं म्हणायचं तोंड मला नव्हतं. बायकांनी पुन्हा आवाज चढवला. डॉक्टर कधी येणार? त्यात वहिनींचा आवाज होता आणि त्यांच्या शेजारी माझा.