उकिरडा परत आला

गावाचं नाव सांगत नाही. हिमायतनगर तालुक्यातलं आहे, एवढं पुरे. नाव सांगितलं की शेजारची चार गावं लगेच म्हणतील, "आमच्याकडं न्हाई बा असलं काही," आणि पेपर घडी घालून बाजूला ठेवतील.

या गावाची एक जुनी रीत आहे. नको असलेलं सगळं खालच्या अंगाला टाकायचं. खालच्या अंगाला बुद्धवाडा आहे, हे वेगळं सांगायला नको. गावाचा उकिरडा बुद्धवाड्याच्या विहिरीला लागून. पुढं शेतात फवारणीची औषधं आली, तणनाशकं आली, तेव्हा पंप भरायला आणि धुवायला हौद बांधला, तोही त्याच उतारावर, उकिरड्याच्या वरच्या बाजूला. पंपाची धुवण उकिरड्यात जिरायची. घरोघरी नळाच्या तोट्या बसल्या आहेत, पाणी यायचं आहे. तोवर वाड्याला तीच एक विहीर.

वैशाखातल्या एका रविवारी विशाखा नांदेडहून घरी आली होती. तिथं एका प्रयोगशाळेत ती माती तपासायचं काम करते. दारात तिची माय पार्वतीबाई ज्वारी पाखडत बसली होती आणि भावजय बुद्धप्रिया, जिला नुकतेच दिवस गेले होते, लसूण सोलत होती. तेवढ्यात जेसीबीचा आवाज आला.

"उकिरडा उचलून राहिले," पार्वतीबाई हरखून म्हणाली. "भुजंगराव नेणार म्हणं हळदीच्या रानात. जन्म गेला बाई ह्या वासात. जाऊ दे एकदाचा."

विशाखा उठून उभी राहिली. "माय, उकिरडा जाऊ देऊ नको."

पार्वतीबाईनं सूप खाली ठेवलं. शिकून पोरगी खुळी झाली की काय, असं तिच्या तोंडावर स्पष्ट दिसलं.

विशाखाला तरी कुठं बरं वाटत होतं? याच वासापायी शाळेत पोरी तिच्याजवळ बसायच्या नाहीत. आज तोच उकिरडा वाचवायची वेळ तिच्यावर आली होती, आणि याची तिला मनस्वी चीड आली होती. पण मागच्या वर्षी तिनं स्वतः विहिरीचं पाणी तपासलं होतं, उकिरड्याचं खत तपासलं होतं. पाणी जवळजवळ स्वच्छ निघालं. खतात मात्र हौदावरची सगळी औषधं ठासून भरलेली.

"माय, हाताला तेल माखलं तर नुसत्या पाण्यानं निघतं का?"

"न्हाई. पीठ लावावं लागतं."

"मग तेल कुठं जातं?"

"पिठात."

"तसंच हाय हे. औषधाला पाण्यापेक्षा कुजलेलं शेण, पालापाचोळा जवळचा वाटतो. त्यालाच ते चिकटून बसतं. उकिरड्यानं आजवर विष धरून ठेवलं म्हणून विहीर वाचली. हा गेला की खाली नुसता मुरूम. मुरूम काय धरणार?"

बुद्धप्रियाचा हात आपोआप पोटावर गेला. विशाखा तशीच चप्पल सरकवून उतारावर गेली.

भुजंगराव गावचा उपसरपंच. माणूस शिवराळ नाही, हसतमुख आहे. लग्नाकार्याला वाड्यात येऊन चहासुद्धा पितो. त्यानं सगळं ऐकून घेतलं.

"काका, आधी हौद हलवा, मग उकिरडा खुशाल उचला. आन् हे खत हळदीला घालू नका. तणनाशक हाय त्याच्यात. तेल पुसलेलं पीठ कुणी भाकरीला घेतं का?"

"पोरी, तू शिकलीस, चांगलं झालं," तो हसला. "पण फुकटचं खत मला मिळून राहिलं म्हणून तुझ्या पोटात दुखतंय, असं सरळ म्हण की."

"हौदाचं काय?"

"तो कुठं नेऊ? वर मारुतीचं देऊळ हाय. लेकरं खेळतात तिथं."

"खाली लेकरं न्हाईत का?"

भुजंगरावाचा फोन वाजला. तो बोलत बोलत निघून गेला, आणि संध्याकाळपर्यंत उकिरडा हळदीच्या रानाला गेला. वाड्यातल्या बायांनी त्या जागेवर सडा घातला. विशाखा दारात बसून बघत राहिली. आपल्याच माणसांच्या आनंदावर विरजण घालायला तिची जीभ उचलेना.

श्रावण लागेपर्यंत विहिरीच्या पाण्याला औषधाचा उग्र दर्प येऊ लागला. पावसाच्या प्रत्येक सरीबरोबर हौदावरची धुवण मुरमातून थेट खाली उतरत होती. अंगाला खाज, पोटात मळमळ. विशाखानं पाणी तपासलं. खतात जे होतं तेच आता पाण्यात होतं. ग्रामपंचायतीत सांगितलं, "बघू." तालुक्याला सांगितलं, "ग्रामपंचायतीला सांगा." पाचव्या महिन्यातली बुद्धप्रिया नाल्यापलीकडच्या बोअरवरून हंडे आणू लागली, आणि हौदावर माणसं गाणी लावून पंप धूत राहिली. विशाखाला वाटे, कुणी शिव्या दिल्या असत्या तर भांडता तरी आलं असतं. या हसतमुख "बघू"ला काय करायचं?

आणि विशाखा सुट्टीला घरी असताना एक दिवस भुजंगरावच तणतणत वाड्यात आला.

"काय कालवलं होतं त्या खतात? माझी हळद पिवळी पडून राहिली! पानं पार आकसली!"

"आम्ही न्हाई कालवलं, काका. तुमच्याच पंपाचं हाय ते. मी सांगितलं होतं."

त्याला आठवलं होतं, हे दिसत होतं. माफी मागेल, निदान हौदाचं नाव काढेल, असं विशाखाला क्षणभर वाटलं. तो आल्या वाटेनं परत गेला.

दुसऱ्या दिवशी ट्रॅक्टर आला. अर्धंच खत रानात पसरलं होतं. उरलेला ढीग गोठ्यामागं होता. भुजंगरावाची बायको विठाबाई हटून बसली होती, माझ्या म्हशीजवळ हे जहर नको. म्हणून ट्रॉली भरून निघाली होती. कुठं? अर्थात खालच्या अंगाला.

विशाखा वाटेत आडवी उभी राहिली. मागून पार्वतीबाई धावत आली, पण लेकीची बाजू घ्यायला नव्हे.

"येऊ दे बाई. तूच म्हणलीस ना, खत विष धरून ठेवतं? टाकू दे इथंच, पाणी नीट होईल. ह्या पोटुशीनं कुठवर हंडे वाहायचे?"

आपलंच शास्त्र आपल्या अंगावर असं चालून येईल, हे विशाखाच्या ध्यानीमनी नव्हतं. तिला रडू फुटायचं बाकी होतं.

"माय, ते पीठ तेलानं भरलंय. अजून किती धरणार? आन् समजा धरलं, तरी नको. खत धरून राहिलं म्हणून तर हे ओतत राहिले. आपण मुकाट सोसलं म्हणूनबी."

"सरक पोरी," भुजंगराव म्हणाला.

"न्हाई सरकत. म्हशीला चालत न्हाई ते माझ्या भावजयीला कसं चालंल?"

पार्वतीबाईनं भुजंगरावाकडं पाहिलं. तो म्हशीबद्दल काहीतरी बोलेल म्हणून थांबली. त्यानं ड्रायव्हरला पुढं घे म्हणून हात केला. मग ती पदर खोचून लेकीशेजारी उभी राहिली. बुद्धप्रियानं हंडा खाली ठेवला आणि तीही आली.

"अरे पण मग टाकू कुठं?" भुजंगराव कळवळून ओरडला.

"हौद बंद करा, मग बसून ठरवू. खाली न्हाई, एवढं नक्की."

ड्रायव्हरनं ट्रॅक्टर सोडवून नेला. ट्रॉली तिथंच राहिली, वरच्या आळीच्या तोंडाशी. हौदावर आता वाड्यातल्या बाया पाळीपाळीनं बसतात. पंप धुऊ देत नाहीत. विहिरीचा दर्प अजून गेलेला नाही, आणि विशाखा दर रविवारी तपासायला पाणी न्यायचं म्हणून बाटली घेऊन येते.

ट्रॉलीजवळून जाताना लोक नाकाला रुमाल लावतात. वैतागून विचारतात, "लेकराबाळांच्या वाटेत हे किती दिवस ठेवणार?" पार्वतीबाईचा जन्म त्या वासात गेला, तेव्हा हे कुणीही विचारलं नव्हतं.