चालत्या देवाच्या खुंट्या

बारवी धरणाच्या अंगाला, डोंगराच्या उतारावर सखाचं घर. घराच्या वर शेंदूर फासलेला धोंडा. हा देव चालतो, अशी साऱ्या पाड्याची खात्री. दर दिवाळीला सखा देवाशेजारी खैराची खुंटी ठोकी आणि पुढच्या दिवाळीला मोजी: कधी दोन बोटं, कधी चार. कीर्तनात बुवा म्हणाले, देव भक्ताच्या दारी येतो, की सखाचे टाळ दुप्पट वाजत. इतरांकडे नुसता भाव. याच्याकडे माप होतं!

यंदा देव चांगला वीतभर आला. सखा हरखला. मागच्या भिंतीला तडा गेला, तरी हरखलेलाच.

मे महिन्यात बदलापूरची नेत्रा दरडींच्या पाहणीला आली. हातात हातोडी, पाठीला सॅक.

"काका, ही पहिली खुंटी कुठं ठोकलेली?"

"बापानं. वरच्या कातळाला टेकून."

नेत्रानं पावलं टाकली. कातळ आणि खुंटीमध्ये तीन पावलं अंतर.

"देव नाही चालत, काका. खाली गुळगुळीत कातळ, वर भुसभुशीत माती. पाणी मुरलं की सगळी मातीच घसरते. धोंडा जड म्हणून जरा पुढं, पण मागोमाग खुंट्याही चालल्यात. पावसाआधी घर हलवा."

सखाची बायको बाळी हात पुसत बाहेर आली. "घ्या! आता खुंट्यांनापन शेंदूर लावा. उद्या चूल चालंल, तिची आरती करा."

"गप गं! देवाला सोडून जाऊ व्हय?"

"अवं, तो हातापाया पडत खाली येतोय, उठा म्हणून. तुमी बसलाय टाळ कुटत."

सखा उठून वर गेला. तो देवापुढं बसला. इतकी वर्षं ज्याच्या चालण्याची फुशारकी मारली, तो बिचारा घसरत होता. आणि घसरता घसरता थेट याच्या घराकडंच.

"चालता येत नाही, तर सांगायचं ना," तो पुटपुटला. "मीच आलो असतो न्यायला."

आठवड्यात घर उतरवलं, नाल्यापलीकडच्या उघड्या कातळावर दगडी जोतं घातलं. देवाला बांबूला बांधून चौघांनी खांदा दिला.

"चालता देव म्हणं," चौघांतला जनू धापा टाकत म्हणाला, "आन खांदा आमचा!"

देव टेकवला. सवयीनं सखानं शेजारी खुंटी धरून दगड हाणला. टण्ण! खुंटी उडून बाळीच्या पायाशी पडली. पुन्हा हाणला, पुन्हा टण्ण.

बाळीनं खुंटी उचलली आणि चुलीत सारली.

"चहा ठेवते," ती म्हणाली. "देवाला इचारा, साखर किती."