बेगाइमचा काढता-घालता कान

बाळ शांत असलं की फायदा कोणाचा होतो? बेगाइमच्या घरात तो तिच्या बुबूकान आजीचा झाला. दुपारची झोप पदरात पडली, लोकर पिंजून नमदे, म्हणजे लोकरीच्या जाड सतरंज्या, थापायला सलग वेळ मिळाला, आणि शेजारणींसमोर मिरवायला एक वाक्य मिळालं: "आमची बेगाइम दचकत नाही, किरकिरत नाही. खानाच्या घरची आहे!" तोटा कोणाचा, हे कोणी विचारलंच नाही.

मित्रांनो, मी एक जुना कान आहे. हाडामांसाचा नव्हे, प्लॅस्टिकचा, भुईमुगाच्या शेंगेएवढा. माझा जोडीदार बेगाइमच्या डोक्याच्या कातडीखाली बसवलेला आहे आणि त्याची बारीक तार कानाच्या आतल्या शंखात गेली आहे. बाहेरचा आवाज मी टिपायचा, चुंबकाच्या चकतीतून त्याच्याकडे द्यायचा, आणि त्याने तो नसेला पोचवायचा. आणखी एक काम मी गुपचूप करतो. दिवसातून किती तास डोक्यावर होतो, याची नोंद ठेवतो.

मी येण्याआधीची हकिगत मला आजीच्याच तोंडून कळली. पोरीला ऐकू येत नसावं अशी शंका बेगाइमची आई चिनारा काढू लागली, तेव्हा आजीने तिला उडवून लावलं होतं. "ऐकते की! बेशिकच्या दांड्यावर टिचकी मारली की डोळे उघडते." बेशिक म्हणजे लाकडी पाळणा; बाळाला पट्ट्यांनी बांधून त्यात निजवतात. टिचकी बेगाइमला ऐकू येत नव्हती, दांड्याचा हादरा तिच्या पाठीला कळत होता. पुढे एकदा ती जाड नमद्यावर खेळत असताना तिच्यामागे चिनाराच्या हातून वाडग्यांची चळत पडून फुटली. नमद्याने हादरा गिळला. पोरीने मानसुद्धा वळवली नाही. चिनाराने तुकडे तसेच टाकले आणि पोरीला घेऊन राजधानीची, बिश्केकची गाडी धरली.

चौदाव्या महिन्यात शस्त्रक्रिया झाली, पंधराव्यात मी डोक्यावर चढलो. पहिला आवाज आत गेला तशी बेगाइम खडीसाखरेचा खडा तोंडाशी नेता नेता थबकली. मग तिने असं भोकाड पसरलं की मीच घाबरलो. श्रवण-शिक्षिका गुलबारा मात्र हसत होती. "रडू दे. हिचा कान आज जन्मला. जागी असेल तेवढा वेळ हा डोक्यावर हवा आणि तुम्ही बोलत राहायला हवं. भाषेचं दार या वयात सताड उघडं असतं, मग ते हळूहळू लोटलं जातं."

सहा महिने गेले. बेगाइमच्या तोंडून शब्द नाही. बाप मिर्लान रशियात मजुरीला. चिनारा सकाळी शाळेत शिकवायला जाई, ती संध्याकाळीच परते. शेजारीण कुंपणावरून म्हणाली, "पोरीचं डोकं कापून घेतलंत, आणि हाती काय लागलं?" शस्त्रक्रियेच्या कागदावर सही चिनाराचीच होती.

नोव्हेंबरात तिघी गुलबाराकडे गेल्या. तिने मला संगणकाला जोडलं आणि भुवया वर केल्या.

"रोजचे चारच तास?"

"शक्यच नाही! सकाळी सातला मी स्वतः लावून जाते," चिनारा म्हणाली.

आजी डोक्यावरच्या रुमालाची गाठ तपासू लागली. मग म्हणाली, "माझ्याकडे काय बघता? पाहुणे आले की काढत होते. दृष्ट लागते. पाळण्यात बोचतं. आणि जरा खुट्ट झालं की पोर दचकते, म्हटलं घटकाभर शांत राहू दे."

"घटकाभर, आपा? रोज सात-आठ तास?" गुलबाराने विचारलं.

"या मेल्या शेंगेने चहाडी करायची होय? सुनेपेक्षा हीच जास्त बोलते!"

गुलबाराने रागावायचं टाळलं. "आपा, तुमच्या आळीत सगळ्यांत जास्त कोण बोलतं?"

"लोक माझं नाव घेतात. लोकांचं काय!"

"मग हिचं औषध तुमच्या तोंडात आहे. दिवसभर द्या."

परतीच्या वाटेवर, घाटात, आजी पुटपुटली, "चुकलं माझं, चिनारा."

दुसऱ्या दिवसापासून माझी सुट्टी बंद. "हे बघ बेगाइम, पीठ मळलं. आता बोर्सोकचे गोळे तेलात सोडले. चुर्र! ऐकलंस?" आजीने चुलीला शिव्या दिल्या, कोंबड्यांची उणीदुणी काढली, सगळं पोरीला सांगत. माझी बॅटरी भरायला शिकली. पाहुणे आले तर म्हणायची, "लागू दे दृष्ट. कान निघणार नाही." माझ्या नोंदीत नऊ तास झाले, मग अकरा, मग बारा.

बर्फ वितळायच्या दिवसांत बेगाइम पाठमोरी बसून मेंढीच्या हाडांचे फासे खेळत होती. आजीने चुलीपासून हाक मारली. "बेगाइम!" पोर वळली. आजीला वाटलं, योगायोग. ती पुन्हा, अगदी हळू म्हणाली, "बेगाइम." पोर पुन्हा वळली, हसली, आणि चहाच्या किटलीकडे बोट दाखवून म्हणाली, "चाय."

आजीने चुलीपासूनच आरोळी ठोकली. "चिनारा! अगं मागून हाक मारली, मागून! आणि चहा मागतेय!"

चिनारा धावत आली. पोरीला छातीशी धरून ती रडत राहिली आणि रडता रडता म्हणाली, "आधी आई म्हणायला काय झालं होतं गं तुला?"

"दिवसभर दुसऱ्यांच्या पोरांशी बोलतेस, म्हणून!" आजी म्हणाली, आणि तिचेही डोळे गळतच होते.

त्यानंतर सहा वर्षं मी राबलो. पोरगी आता शाळेत इतकी बोलते की बाई तिला कोपऱ्यात उभं करतात. माझ्या जागी नवा, दिमाखदार कान आला आहे. मी बटणांच्या डब्यात पडून असतो. वाईट वाटतं, खोटं कशाला बोलू? पण आतला माझा जोडीदार अजून कामावर आहे, तेवढ्यावर मी निवांत आहे.

मित्रांनो, घरात बाळ आलं की त्याच्या पाठीमागून हाक मारून बघा. शंका आली तर वाट बघू नका, त्याच आठवड्यात तपासून घ्या. आणि वर्गात कोणाच्या डोक्यावर माझा भाऊबंद दिसला, तर त्याला ओढू नका. त्या मुलाशी गप्पा मारा.

या सगळ्याची किंमत कोणी भरली म्हणाल, तर चिनाराने काळजीपोटी रात्रींची झोप दिली. मिर्लानला लेकीचा पहिला शब्द फोनवर ऐकावा लागला. आजीने जन्मात एकदाच चूक कबूल केली, आणि ते तिला फार महाग पडलं. पण पंधरा महिन्यांची शांतता, आणि वरचे सहा महिने रोजचे सात-आठ तास, हे एकट्या बेगाइमने भरलं. तिला कोणी विचारलंही नव्हतं.